‘मग तुमचे खाते कशाला?’

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या एका आंबा-काजू प्रक्रिया कारखान्यात मी नऊ वर्षे लेखा विभागात होते. गेल्या दिवाळीनंतर शेठनी ‘खरेदी व करार विभाग’ असे नवे खाते काढून माझ्याकडे सोपवले. खात्यात मी आणि एक मदतनीस. एप्रिलमध्ये गोठवलेल्या फोडींसाठी आठ हजार खोकी हवी होती. उत्पादनप्रमुखांनी कोल्हापूरच्या पुरवठादाराला परस्पर फोन करून ‘मागच्या वेळसारखीच पाठवा’ असे सांगितले. ११ एप्रिलला खोकी आली ती थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची. पाच हजार भरून शीतगृहात गेली आणि पंधरावीस दिवसांत खालच्या थरांतली बसली. तो माल पुन्हा भरावा लागला. तीन हजार खोकी कोरी पडून आहेत. पुरवठादार म्हणतो, ‘तुमची माझ्याकडची मागची ऑर्डर काजूच्या खोक्यांची होती, माप तेच, मी तीच पाठवली.’ त्याने बिलही थ्री प्लायच्याच दराने, २९ रुपयांनी लावले आहे. आंब्याच्या फाइव्ह प्लायला आम्ही गेल्या वर्षी ४३ रुपये दिले होते. तो छोटा कारखानदार आहे, छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी त्याच्याकडे आहे. शेठ म्हणतात बिल अडवून ठेवा, आणि मला विचारतात, ‘मग तुमचे खाते कशाला?’ उत्पादनप्रमुखांचे म्हणणे, ‘तुम्ही कागद रंगवत बसाल तोवर आंबा थांबणार आहे का?’ शिवाय आमची सगळी वाहतूक शेठच्या चुलतभावाकडे आहे आणि हंगामात पुरवठादार माझ्या घरी आंब्याच्या पेट्या पाठवतात. माझ्या खात्याचे काम नेमके काय, हे मला कोणीच सांगितलेले नाही.
– एक खरेदी अधिकारी, रत्नागिरी

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘मागच्या वेळसारखीच पाठवा’ हे वाक्य मी दोनदा वाचले. उत्पादनप्रमुखांच्या डोळ्यांसमोर गेल्या हंगामातली आंब्याची खोकी होती, पुरवठादाराच्या वहीत शेवटची नोंद काजूच्या खोक्यांची होती, आणि दोघेही खरे बोलत आहेत. कोणी कोणाला फसवलेले नाही, म्हणूनच हे प्रकरण तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला सोयीचे आहे. फसवणूक झाली असती, तर तुमचे खाते म्हणजे कारखान्याचा पोलीसपाटील असा सर्वांचा समज झाला असता आणि तुम्हीही तो खरा मानला असता.

खोक्यांची गरज उत्पादन विभागाची होती आणि ती खरी होती. पैसे लेखा विभाग देणार होता. मधला दुवा मात्र कोणाकडेच नव्हता. कारखान्याच्या वतीने पुरवठादाराला नेमका कोणता शब्द दिला गेला आणि तो कोठे लिहून ठेवला, हे आज कोणालाही सांगता येत नाही. माझ्या समजुतीने खरेदी व करार विभागाचे मूळ काम हेच आहे, की कारखान्याच्या वतीने बाहेरच्या माणसाला जाणारा शब्द एकाच ठिकाणाहून, पूर्ण आणि लेखी जावा, आणि समोरच्याने दिलेला शब्द पाळला की नाही हेही त्याच ठिकाणी पाहिले जावे. भाव कमी करून घेणे हा त्या कामाचा एक भाग आहे. शेठना तोच आधी दिसतो, कारण तो रुपयांत सांगता येतो.

फोनवरचा शब्द कायद्याला चालत नाही, असा समज अनेक मालकांचा असतो. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करारही मान्य करतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. याच कायद्याच्या कलम २३७ चा आशय असा, की अमुक माणसाला आमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार आहे असा विश्वास मालकाने आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने बाहेरच्याच्या मनात निर्माण केला असेल, तर त्या माणसाला प्रत्यक्षात अधिकार दिलेला नव्हता असे सांगून मालकाला अंग काढून घेता येत नाही. तुमचे उत्पादनप्रमुख वर्षानुवर्षे फोनवरून माल मागवत आले आणि कारखाना त्याचे पैसे देत आला. पुरवठादाराने त्यांचा शब्द कारखान्याचा शब्द मानला, यात त्याचे काय चुकले? नवे खाते काढल्याचे शेठनी तुम्हाला सांगितले, कामगारांना सांगितले असेल, पण पुरवठादारांना सांगितले नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे शेठच्या सहीचे एक पानी पत्र प्रत्येक पुरवठादाराला पाठवणे. अमुक तारखेपासून खरेदी विभागाच्या सहीचा आणि क्रमांकाचा खरेदी आदेश असल्याखेरीज दिलेली मागणी कारखान्यावर बंधनकारक राहणार नाही, एवढाच मजकूर त्यात असावा. पत्राची पोच घ्या आणि ती फाइलला लावा. या एका पत्राने तुमच्या खात्याला जो अधिकार मिळेल, तो दारावर पाटी लावून मिळणार नाही.

आता बिलाविषयी. शेठना वाईट वाटले तरी सांगतो, हे बिल अडवू नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ हा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाच्या बाजूने स्पष्टपणे उभा आहे. मालाविषयी तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. तशी कळवली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असेल तर ती पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि लेखी काही ठरलेलेच नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुमच्याकडे खरेदी आदेश नाही, मुदत ठरलेली नाही, खोकी बसल्याचे फोनवर बोलणे झाले असेल पण लेखी तक्रार नाही. म्हणजे ११ एप्रिलपासून पंधरा दिवस मोजले की एप्रिल संपायच्या आधीच मुदत संपली, आणि तेव्हापासून रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते आहे. तुम्ही लेखा विभागातून आलेल्या आहात, तेव्हा पुढचे तुम्हाला लगेच उमगेल. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योजकाचे देणे या मुदतीपलीकडे थकले, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. पुरवठादार छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे गेला आणि निर्णय त्याच्या बाजूने लागला, तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यासाठीसुद्धा रकमेच्या पंचाहत्तर टक्के आधी भरावे लागतात. आठ हजार खोकी, २९ रुपये दर, म्हणजे जीएसटी सोडून २ लाख ३२ हजार. एवढ्या रकमेसाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही, आणि खरे सांगायचे तर न्यायही नाही.

बिलावरच्या २९ रुपयांकडे मात्र शेठचे आणि उत्पादनप्रमुखांचे लक्ष आवर्जून वेधा. चूक त्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलेली होती. फाटकावर चलन घेणाऱ्याने खोकी मोजली, ती आठ हजार भरली, त्याने सही केली. बिल लेखा विभागात गेले आणि चलनाशी संख्या जुळली. ४३ च्या जागी २९ का, असे कोणी विचारले नाही, कारण विचारायला हाताशी तिसरा कागद नव्हता. खरेदी आदेश, माल आवक नोंद आणि बिल हे तीन कागद शेजारी ठेवून जुळवण्याची जी रीत आहे, ती पुष्कळांना कारकुनी वाटते. तुमच्याकडे तो आदेश असता तर पहिल्या दोन कागदांतच ‘फाइव्ह प्लाय’ आणि ‘थ्री प्लाय’ समोरासमोर आले असते आणि ट्रक फाटकातूनच परत वळला असता. दर कमी लागला म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण अपेक्षेपेक्षा स्वस्त आलेले बिल हे महाग बिलापेक्षा अधिक काळजीने वाचावे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे.

खोक्यापाशी थोडे थांबतो, कारण ‘खरेदीवाल्यांना मालातले काय कळते’ हा टोमणा तुम्हालाही ऐकावा लागत असणार. थ्री प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये एक नागमोडी. फाइव्ह प्लाय म्हणजे तीन सपाट आणि दोन नागमोडी. खोक्याला उभे राहण्याचे बळ त्या नागमोडी थरातून येते. काजूचे खोके कोरड्या गोदामात दोनतीन थरांत राहते आणि लवकर निघून जाते. फोडींचे खोके उणे १८ अंशांवर महिनोन्महिने थप्पीत असते. शीतगृहाचे दार उघडले की आपल्या किनाऱ्याची दमट हवा आत शिरते, कागद ओल पितो, नागमोडी थर मऊ पडतो आणि सर्वांत खालचे खोके पोट काढून बसते. म्हणून मागणीपत्रात ‘खोकी, नग ८,०००’ एवढे लिहून भागत नाही. किती प्लाय, प्रत्येक थराच्या कागदाचे वजन किती जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, बर्स्टिंग म्हणजे फाटेपर्यंत सोसायचा दाब किती, पाणी शोषण्याची म्हणजे कॉबची मर्यादा किती, आतले माप काय, हे हवेच. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ शेवटची असते : ‘वापर : गोठवलेल्या आंब्याच्या फोडी, उणे १८ अंश, थप्पी सात थर.’ मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, विक्रेता त्याच मालाच्या धंद्यात असेल, आणि माल कशासाठी हवा आहे हे खरेदीदाराने त्याला सांगून त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या कामाला साधारणपणे योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. त्या एका ओळीने बाजू तुमच्याकडे झुकली असती. आकडे उत्पादन विभागाने द्यायचे आहेत. ते त्यांच्याकडून काढून घेणे आणि अर्धवट मागणीपत्र नम्रपणे परत पाठवणे, हे तुमचे काम.

उत्पादनप्रमुखांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आंबा थांबत नाही, हे अक्षरशः खरे आहे. रात्री दोन वाजता अमोनियाचा कॉम्प्रेसर बंद पडला तर तीन दरपत्रके मागवणारा खरेदी अधिकारी कारखान्याच्या मुळावरच येईल. त्यासाठी तातडीच्या खरेदीची वाट आधीच आखून ठेवा. कोणी, किती रुपयांपर्यंत, कोणत्या प्रसंगी परस्पर माल किंवा माणूस बोलवायचा हे लिहून शेठची सही घ्या, आणि काम आटोपल्यावर चोवीस तासांत खरेदी विभागाकडे कागद आला पाहिजे एवढीच अट ठेवा. वर्षाअखेरीस त्या तातडीच्या कागदांची चळत काढून बसा. त्यात खरी तातडी किती आणि विसरभोळेपणा किती, हे तारखांवरूनच उमगते. खोकी एप्रिलमध्ये लागतात हे जानेवारीत, मोहोर डोळ्यांनी दिसत असताना, कोणाला ठाऊक नव्हते?

येथे आपल्या भागाची गोष्ट येते. कोकणातल्या घरात आगोटीची बेगमी काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मिरगाच्या आत तांदूळ, सुके मासे, मसाला, जळण सगळे माळ्यावर गेलेले असते, कारण एकदा पाऊस लागला की बाजाराला जायची सोय राहील याची खात्री नसते. कारखान्याची खरेदी याहून निराळी नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र अनेकांनी शाळेत वाचलेले असते, पण ते रयतेच्या कणवेसाठीच आठवले जाते. त्यातला खरेदीवाल्याने वाचण्याचा भाग असा, की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण बेताने वापरा, आत्ताच उधळलीत तर भर पावसात मिळणार नाही आणि मग लोक रयतेच्या घरात शिरतील. जे हवे ते बाजारातून विकत आणा. साठा संपल्यावर घाईने केलेली खरेदी कोणाच्या तरी अंगावर जाते, हे त्यात स्वच्छ दिसते. तुमच्या बाबतीत ती पुरवठादाराच्या अंगावर गेली.

म्हणून डिसेंबरात उत्पादन विभागासोबत बसून हंगामाचा अंदाज घ्या आणि खोकी, पल्पचे ३.१ किलोचे डबे, लेबले, रसायने, क्रेट यांचे वार्षिक दर करार जानेवारीत करून टाका. दर करारात दर, प्रत आणि मुदत ठरते. संख्या हंगामात लागेल तशी, दोन ओळींच्या आदेशाने मागवता येते. उत्पादनप्रमुखांनी तेव्हा फोन केला तरी बिघडणार नाही, कारण ‘मागच्या वेळसारखीच’ म्हणजे काय हे करारात लिहिलेले असेल. त्यांना हवा असलेला वेग जानेवारीत केलेल्या कागदातूनच मिळतो, हे त्यांना एका हंगामात पटेल. पटवून देण्याचा प्रयत्न करू नका, फक्त दाखवा.

पावसाचे कलम हा आपल्याकडच्या करारांतला सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेला भाग असतो. कुठल्या तरी महानगरातल्या कंपनीच्या कागदावरून ‘दैवी आपत्ती’ असे चार शब्द उतरवून घेतले जातात. मग कोकणात जुलैत पाऊस पडला, ही दैवी आपत्ती म्हणायची का? २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवसांत आंबा घाटातला रस्ता खचून अवजड वाहतूक बंद झाली, ती खरोखरची आपत्ती होती. दरवर्षी घाटात दरड येऊन वाहतूक दीड दिवस खोळंबते ती मात्र दोघांनाही आधीच ठाऊक असते, आणि नुसते काम महाग किंवा अवघड झाले म्हणून करार कायद्याच्या कलम ५६ खाली सुटका मिळत नाही. तेव्हा करारात स्पष्ट लिहा : कोणता घाट बंद झाला तर कोणत्या मार्गाने माल यायचा, वाढीव भाडे कोणी सोसायचे, अडचण किती तासांत लेखी कळवायची, आणि किती दिवसांनंतर तुम्हाला दुसरीकडून माल घेण्याची मोकळीक राहील. उशिराबद्दलची कपातही लिहा, दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के ही प्रचलित पद्धत आहे. भलीमोठी दंडाची रक्कम लिहून पुरवठादाराला धाक घालण्यात अर्थ नाही, कारण कलम ७४ प्रमाणे न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत जी भरपाई वाजवी वाटेल तेवढीच देते.

मजुरांच्या कराराबद्दल थोडक्यात. फोडी कापण्यासाठी हंगामात ज्या बायका कंत्राटदारामार्फत येतात, त्यांची मजुरी कंत्राटदाराने बुडवली तर ती मूळ मालकाकडे, म्हणजे कारखान्याकडे येते. म्हणून मागच्या महिन्याची वेतनपत्रके, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, भरणापावती पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल पुढे सोडू नका. यंत्रांच्या वार्षिक देखभालीच्या करारात एकच गोष्ट पाहा, की माणूस किती तासांत येईल हे लिहिले आहे का. बाकीची पाने बहुधा सर्वांची सारखीच असतात.

कॅनिंगच्या आंब्याची खरेदी तुमच्याकडे यावी का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण शेठ आज ना उद्या विचारतील. मी ती घेऊ नये असे म्हणेन. मे महिन्यात भाव रोज उघडतो, सकाळचा संध्याकाळी राहत नाही, आणि बागायतदार शेठच्या तोंडाकडे पाहून गाडी वळवतो. तेथे दरपत्रकाचा खेळ चालत नाही. भाव शेठनीच ठरवावा. मात्र त्या दिवशीचा भाव फळ्यावर लिहिलेला असावा, वजनकाट्याची चिठ्ठी बागायतदाराच्या हातात पडावी, आणि डागी फळाची घट किती धरली हे चिठ्ठीवरच लिहावे, एवढे तीन नियम तुम्ही घालून द्या. शब्द शेठचा असला तरी तो लिहून ठेवण्याचे काम तुमच्या खात्याचेच राहते.

सरकारी खात्यांतल्या निविदा पद्धती पाहून तुम्हाला कदाचित वाटेल, की आपणही बंद पाकिटे मागवावीत आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यावे. सरकारी खरेदीला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत, २०१६ पासून सरकारी खरेदीचे जेम हे ऑनलाइन पोर्टल आहे, कारण तेथे पैसा जनतेचा असतो आणि प्रत्येकाला समान संधी दिल्याचे दाखवावे लागते. तुमच्यावर ते बंधन नाही. तुम्ही दोन-तीन पुरवठादार वर्षानुवर्षे सांभाळू शकता, त्यांच्या कारखान्यात जाऊन कागद पाहू शकता, चांगल्याला दोन रुपये जास्त देऊ शकता. फक्त जास्त का दिले ते तुलनात्मक तक्त्याखाली एका ओळीत लिहा. बसलेली खोकी, दुसऱ्यांदा भरण्याची मजुरी, तेवढा वेळ अडलेले शीतगृह आणि नव्याने घेतलेली खोकी असा हिशेब तुम्ही स्वतः मांडला, तर ४३ आणि २९ मधल्या चौदा रुपयांची किंमत शेठना माझ्या पत्रापेक्षा चांगली समजेल. तो हिशेब मांडताना उत्पादनप्रमुखांचे नाव कोठेही लिहू नका.

चुलतभावाच्या ट्रकांशी भांडण मांडू नका. खाजगी कारखान्यात आपल्या नातेवाइकाला काम देण्याचा अधिकार मालकाला आहे. पण दरवर्षी आणखी दोन वाहतूकदारांची दरपत्रके मागवा, तक्ता करा, आणि निर्णयाच्या रकान्यात शेठची सही घ्या. दर पंधरा टक्के जास्त असेल तर ते त्यांना कळेल, आणि तरीही त्यांनी तेच नाव लिहिले तर तो त्यांचा निर्णय झाला, तुमचा नव्हे. करार मात्र चुलतभावाशीही लेखी करा, विमा आणि पावसाच्या कलमासह. नात्यातल्या माणसाशी लेखी करार करायला संकोच वाटतो हे मी जाणतो. पण माल ओला होऊन पोहोचला की त्याच नात्यात वाद पेटतो, आणि तो गणपतीला सगळे घरी जमले तरी मिटलेला नसतो.

राहिली पेटी. आपल्याकडे आंब्याची पेटी म्हणजे लाच नव्हे, ती रीत आहे, आणि दारात आलेली पेटी परत पाठवणे हा अपमान आहे. हे मुंबई-पुण्याकडच्या नियमावली लिहिणाऱ्यांना कळत नाही. तरीही माझा एक अनुभव सांगतो. मी एका मासळी गोठवण्याच्या कारखान्यात खरेदीच्या टेबलावर नवा होतो, तेव्हा एका पुरवठादाराने पाच डझनांची पेटी घरी पाठवली. आईने गवतात अढी घातली, घरभर वास दरवळत होता. त्याच आठवड्यात त्याचा दर माझ्यासमोर आला आणि मी दुसरे दरपत्रक न मागवता सही केली. त्याने काही मागितले नव्हते, मलाही काही जाणवले नव्हते. सप्टेंबरात जुनी फाइल चाळताना तारखा शेजारी दिसल्या, तेव्हा घाम फुटला. त्यानंतर मी घरचा पत्ता कोणाला दिला नाही, आणि आलेली प्रत्येक पेटी कारखान्यात नेऊन, नाव-तारीख वहीत लिहून, दुपारच्या जेवणात सर्वांना वाटली. पुरवठादाराला निरोप जाई, ‘तुमचे आंबे फाटकावरच्या रखवालदारापासून शेठपर्यंत सर्वांनी खाल्ले.’ कोणी रागावले नाही. दोघांनी पुढच्या वर्षी पाठवणे बंद केले, आणि त्यातून मला जे समजायचे ते समजले.

आता येत्या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. शेठच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नका. पुरवठादारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा, तातडीच्या खरेदीची मर्यादा आणि खोक्यांच्या नुकसानीचा हिशेब असे तीन कागद त्यांच्या टेबलावर ठेवा आणि पहिल्या दोहोंवर सही मागा. खोकीवाल्याचे मूळ बिल पूर्ण द्या. व्याज सोडण्याची विनंती त्याला करा. तुमची बाजू कमकुवत आहे हे मान्य करून विनंती केलीत तर तो बहुधा ऐकेल, कारण त्यालाही पुढचा हंगाम हवा आहे. कोरी तीन हजार खोकी परत पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, ती काजूला चालतात आणि दरही काजूचाच लागलेला आहे. फक्त ती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला सांगा. या पावसात ओल धरली तर तीही जातील.

खोकीवाल्याला हे सर्व कळवायला आधी फोन करा, नुसते पत्र पाठवू नका. एवढ्या वर्षांच्या ओळखीत ते बरे दिसत नाही. फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी लिहून पाठवा आणि त्याची पोच मागवून घ्या.